एक्केचाळीस नंबरचा डबा

गुरुवारी दुपारी मृण्मयीचा फोन आला तेव्हा मी माझं एकट्याचं ताट घासत होतो. हात ओले, फोन ओट्यावर. कोपरानं कसंबसं बटण दाबलं आणि म्हटलं, "बोल गं."

पोरगी खुशीत होती. एक्केचाळीस नंबरचं काम फत्ते झालं म्हणाली. आपल्या संगणकातल्या मदतनिसानं एकोणीस दिवसांच्या नोंदी बघून ओळखलं, की कराडच्या त्या आजीबाई जेवत नाहीत. लगेच मस्कतला मुलाला कळवलं. मुलानं रजा टाकली, रविवारी येतोय, आणि सोमवारी आईला पुण्याच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार. घराला कुलूप. वरचे साहेब लोक एकदम खूश, ते डब्याचं टूल आता आणखी पाच गावांत लावायचं ठरलंय. फक्त माझा शेरा तेवढा हवा होता. टूलच्या वर्णनाला मी पाचपैकी पाच दिले होते, ते कायम आहेत असं लिहून द्यायचं, बास.

मी म्हटलं, बघतो आणि कळवतो. ती हसली. बघायचं काय त्यात, म्हणाली, काका, तुम्हीच तर ते सुधारून दिलं होतं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावन्नचा होतो, साताऱ्यात दोन खोल्यांत एकटा राहत होतो. त्याआधी सव्वीस वर्षं एका पंपाच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिल्या. पंप कुठे बसवायचा, कधी चालू करायचा, आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही. शेतकऱ्याच्या हाती पंप पडतो तेव्हा तिथे सांगायला आपण नसतो, जे काही सांगायचं ते त्या कागदानं सांगायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझी बायको कुमुद म्हणायची, लग्नाआधी मलाही एक पुस्तिका द्यायला हवी होतीत, पुढचा सगळा त्रास वाचला असता. कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी कुमुद गेली. पुढे दोन वर्षं मी काय केलं ते मला आठवत नाही. मग कारखान्यातल्या जुन्या सोबत्याची मुलगी, ही मृण्मयी, पुण्यात एका कंपनीत लागली होती, तिनं हे घरबसल्याचं काम दिलं.

या मदतनिसाला कंपनीत एजंट म्हणत. एजंट म्हटलं की आमच्या पिढीला विम्याचा एजंट आठवतो, ज्याला बघून माणूस घरात नाही असं सांगायचं. हा एजंट संगणकातला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची तो विचारपूस करायचा. त्याला हात नाहीत, डोळे नाहीत. त्याला टूल दिलेली असायची. एक फोन लावायचं, एक औषधं मागवायचं, एक डब्याची नोंद बघायचं, एक घरच्यांना कळवायचं. प्रत्येक टूलखाली चार-पाच ओळींचं वर्णन. तेवढ्या ओळी वाचून तो ठरवायचा, की कुठलं टूल कधी उचलायचं आणि त्यातून आलेल्या उत्तराचा अर्थ काय घ्यायचा. वर्णन चुकलं की तो चुकणार, आणि अगदी ठामपणे चुकणार. माझं काम ती वर्णनं वाचून गुण द्यायचं. काय करतं ते कळतं का, कधी वापरायचं ते आहे का, कधी वापरायचं नाही ते आहे का, उत्तरावरून काय समजायचं ते आहे का. माणसं मला दिसत नसत, त्यांचे नंबर दिसत. मला ते बरं पडायचं. दिवसच्या दिवस कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

हात पुसून मी संगणकासमोर बसलो. वरच्या मजल्यावर इंगवल्यांकडे सकाळपासून काहीतरी ओढाओढी चालली होती. कपाट सरकवल्याचा आवाज, मग काहीतरी धाडकन पडल्याचा. आता या लोकांना दिवाळी नाही, दसरा नाही, साफसफाई कसली सुचतेय म्हणून मी चडफडलो आणि कानात गाण्याची बोंडं घालून बसलो. इंगवले वहिनी तशा चांगल्या. कुमुद गेल्यावर वर्षभर त्यांच्याकडून काही ना काही येत होतं. कधी आमटी, कधी शिरा, कधी अळूची भाजी. त्यांची सहा भांडी माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ओळीनं पडली होती, घासलेली, पुसलेली. द्यायची राहिली होती. सहाव्या भांड्यानंतर काही आलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही काही बोललो नाही.

मी वर्णन उघडलं. "डब्याची नोंद. लाभार्थ्याकडून परत आलेला जेवणाचा डबा रिकामा आहे की नाही, हे कळते. 'रिकामा' म्हणजे जेवण झाले. 'रिकामा नाही' म्हणजे जेवण राहिले. रोज एकदा बघावी." आणि शेवटची ओळ माझी, मी सुचवलेली: "लाभार्थी स्वतः जेवल्याचे सांगत असले, तरी या नोंदीवर अधिक विश्वास ठेवावा."

ती ओळ मी उगाच घातली नव्हती. शेवटच्या दोन महिन्यांत कुमुद रोज जेवले म्हणून सांगायची. तिच्या दुखण्यापायी मी बँकेत, दवाखान्यात खेपा घालून दमून यायचो, विचारायचो, जेवलीस? ती म्हणायची, हो, पोट भरून. ती गेल्यावर पलंगामागच्या खिडकीतल्या कुंड्या हलवल्या, तर त्यांच्या मागे वाळलेल्या पोळ्यांचे तुकडे निघाले. दोन महिन्यांचे. मी तिच्या शब्दावर विसंबलो होतो, आणि ते मला काही केल्या सोडत नव्हतं. म्हणून ती ओळ. मृण्मयीला तेव्हा फार आवडली होती.

मग एक्केचाळीस नंबरच्या नोंदी काढल्या. महिन्याच्या एक तारखेपासून एकोणीस तारखेपर्यंत एकच उत्तर. रिकामा नाही, रिकामा नाही, रिकामा नाही. तिसऱ्या दिवशी मदतनिसानं फोन लावला होता. त्याचा आवाज बाईचा, गोड. आज जेवलात का, असं त्यानं विचारलं. आजीबाई म्हणाल्या, जेवले की. डब्याची नोंद तसं सांगत नाही, असं त्यानं सांगितलं. त्यावर आजीबाईंचं उत्तर असं: "त्या छबूला विचार की, लिंबांना रस होता का." खाली मदतनिसाचा शेरा: प्रश्नाशी संबंध नसलेले बोलणे, विस्मरणाची शक्यता. नवव्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा जेवले की, आणि आजीबाई म्हणाल्या, कढीपत्ता धुऊन घे म्हणावं. पुन्हा तोच शेरा. पंधराव्या दिवशी त्या नुसत्या 'जेवले' एवढंच म्हणाल्या. शेरा: प्रतिसाद कमी झाला.

इतक्यात गाण्यातूनही दाराची बेल ऐकू आली. मी उठलो नाही. कुरियरवाला असेल, ठेवून जाईल. पुन्हा एकदा वाजली, जरा हलकी. मग थांबली.

मी त्या नोंदींकडे बघत बसलो. सव्वीस वर्षांत पंपांकडून एक गोष्ट शिकलो होतो. काटा सांगतोय टाकीत पाणी नाही आणि नळाला मात्र धो धो पाणी येतंय, असं असेल तर आधी काटा तपासायचा. एकोणीस दिवस न जेवलेली ऐंशीची बाई फोन उचलून कढीपत्त्याच्या गप्पा मारत नाही. आणि ती लिंबं माझ्या डोक्यातून जाईनात.

मृण्मयीला फोन केला. काहीतरी गडबड आहे, आधी कुणीतरी जाऊन बघा, असं सांगितलं. ती म्हणाली, काका, लेखी पाठवा, सोमवारच्या बैठकीत ठेवते. मी म्हटलं, सोमवारी ती बाई पुण्यात असेल. त्यावर ती हळूच म्हणाली, की तपासणाऱ्यानं लाभार्थ्याशी संपर्क करायचा नाही असा करार आहे, तुम्ही सही केलीय, काम जाईल तुमचं. तिचं काही चुकत नव्हतं. नियम तिनं केलेला नव्हता.

शुक्रवारी सकाळी सहाच्या एसटीनं मी कराडला गेलो. नोंदीत बाईंचा पत्ता नव्हता, पण डबा कुठून येतो ते होतं, मोहिते खानावळ, स्टँडच्या मागे. दोन टेबलांची जागा, आणि आत पोळ्या लाटणाऱ्या तीन बायका. छबूताई मोहिते पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या, कपाळावर पिठाचा हात लागलेला. मी कोण ते सांगितलं, तसं त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि चहा मागवला. मी विचारलं, की त्या आजीबाई खरंच जेवत नाहीत का. छबूताईंना प्रश्नच कळेना.

"कोण, आक्का? जेवत न्हाईत? अहो, परवा आमटी खारट झाली तर मला फोनवर झापलंय त्यांनी."

मग डबा परत आल्यावर तुम्ही नोंदीच्या मशीनवर रोज 'रिकामा नाही' का दाबता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मशीन द्यायला साहेब आले होते त्यांनी सांगितलं, डब्यात काहीही असलं तर 'रिकामा नाही' दाबायचं, खोटं दाबायचं नाही. "आता आत लिंबू असताना रिकामा कसा म्हणू, तुम्हीच सांगा." त्या नोंदीवरून आक्कांना घर सोडावं लागतंय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा त्या पोळ्यांच्या टोपलीवर फडकं टाकून तशाच उठल्या. चला म्हणाल्या.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, आजचा डबा मांडीवर धरून, मी आक्कांच्या दारात उतरलो. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, मागे लिंबाचं झाड, फळांनी वाकलेलं. आक्का म्हणजे इंदिराबाई शिंगटे. काटक बाई, जाड भिंगाचा चष्मा. कॉटवर एक ट्रंक उघडी होती, तिच्यात घड्या घातलेली लुगडी, देवाचा छोटा डबा, नवऱ्याचा फोटो उलटा करून ठेवलेला. बांधाबांध जवळजवळ झाली होती. छबूताईंनी सांगितलं, हे साताऱ्याचे पाहुणे. आक्कांनी बसा म्हटलं आणि आत जाऊन कालचा डबा आणून दिला.

मी तो उघडला. घासून लख्ख केलेला. वरचा कप्पा कोरडा, मधला कोरडा. तळाच्या कप्प्यात दोन लिंबं.

"हे काय आक्का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वेड्यागत काय विचारतो हा माणूस, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. "रिकामं भांडं कसं द्यायचं हो कुणाच्या हातात?"

मी डबा पुन्हा बंद केला. कुमुदनं आयुष्यात एकदाही इंगवले वहिनींचं भांडं रिकामं पाठवलं नव्हतं. दोन चमचे साखर, चार शेवग्याच्या शेंगा, काहीच नसलं तर गुळाचा खडा. मी कारखान्यातून आल्यावर कितीदा स्वतः जिने चढून ते भांडं देऊन आलो होतो. म्हणून तर ती सहा भांडी माझ्याकडे पडली होती. मला काही रांधता येत नव्हतं, आणि रिकामी द्यायची लाज वाटत होती. म्हणजे मला हे सगळं माहीत होतं. घरात फळीवर सहा भांडी मांडून ठेवून मी त्या वर्णनाला पाचपैकी पाच दिले होते.

आक्कांना सांगणं भाग होतं. यंत्र स्वतःच्या मनानं वागत नाही, त्याला लिहून दिलेलं असतं आणि त्यातली एक ओळ माझी आहे, असं सांगितलं. तुमच्या बोलण्यापेक्षा डब्यावर विश्वास ठेव, असं मीच लिहिलं होतं. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"त्या फोनमधल्या बाईला पटंना, ते सोडा," त्या म्हणाल्या. "पण माझ्या लेकाला, विश्वासलाही पटंना हो. चार दिवस झाले, माझं मलाच वाटाया लागलंय, मी जेवते का न्हाई खरंच. जेवून उठले की ताट तसंच ठेवते. मग जाऊन बघते."

मी त्यांच्याकडून मुलाचा नंबर घेतला आणि त्यांच्याच फोनवरून मस्कतला लावला. आक्कांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन मोठ्या आवाजावरच असायचा. विश्वास शिंगटे आधी वैतागले. कोण तुम्ही, आईच्या घरात काय करताय, कंपनीनं पाठवलंय का. मी म्हटलं, कंपनीनं पाठवलेलं नाही, उलट कंपनी मला काढून टाकेल, पण दोन मिनिटं ऐका. मग डब्यात काय आहे ते सांगितलं. एकोणीस दिवस काय होतं तेही छबूताईंनी एकेक करून सांगितलं. लिंबं, कढीपत्ता, एकदा वाटीभर तांदूळ, एकदा जास्वंदीची दोन फुलं.

मग विश्वास म्हणाले, आईकडे द्या. द्यायचं काय, सगळ्यांना ऐकू येतच होतं.

"आई, मला शेट्यांच्या घरी वाटी द्यायला पाठवायचीस बघ."

"व्हय."

"साखर घालून द्यायचीस. मी वाटेतच खाऊन टाकायचो. त्यांना रिकामीच द्यायचो वाटी."

"ठावं हाय मला," आक्का म्हणाल्या. "शेटेवहिनीनं सांगितलेलं. मग दोन मुठी घालाया लागले मी. एक तुझी."

छबूताई तोंड फिरवून झाडाकडे बघत राहिल्या. मग फोनमधून आवाज आला, की रविवारी येतोच आहे, रजा काढलीच आहे, तर चार दिवस राहतो. पुण्याचं रद्द करतो. आक्का बरं म्हणाल्या, एवढंच, आणि फोन ठेवून ट्रंकेतला नवऱ्याचा फोटो काढून पुन्हा खिळ्याला अडकवायला गेल्या. त्यांचा हात पोचेना, तो मी अडकवला.

निघताना त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, कोणी नाही, एकटाच. त्या झाडापाशी गेल्या आणि पिशवीभर लिंबं तोडून आणली. एवढी घेऊन मी काय करू म्हटल्यावर म्हणाल्या, "शेजारी द्या की."

परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर होती आणि मला किती वर्षांनी हुरूप आला होता. काय बोलायचं ते मी ठरवून टाकलं. वहिनी, उशीर झाला, रागावू नका. मग वाटलं, नको, नुसतंच म्हणायचं, कराडची लिंबं आहेत, रसदार आहेत. चार वाजता घरी पोचलो. सहाही भांडी फळीवरून काढली, पुन्हा धुतली, पुसली, प्रत्येकात दोन दोन लिंबं ठेवली, मोठ्या ताटात मांडली आणि जिना चढून वर गेलो.

दाराला कुलूप होतं. नावाची पाटी नव्हती, तिच्या जागी भिंतीवर चार भोकं.

ताट घेऊन तसाच खाली उतरलो. तळमजल्यावरचे कदम दारात पेपर वाचत होते. त्यांना विचारलं तर ते चकितच झाले. तुम्हाला माहीत नाही? इंगवल्यांची नांदेडला बदली झाली, सकाळी नऊला ट्रक भरून गेले की. महिनाभर सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. "वहिनी काल दुपारी तुमच्याकडे निरोप घ्यायला आल्या होत्या. दोनदा बेल वाजवली म्हणाल्या. झोपले असतील म्हणाल्या."

मी विचारलं, आणखी काही म्हणाल्या का.

कदमांनी माझ्या हातातल्या ताटाकडे बघितलं. "हां, ते भांड्यांचं. म्हणाल्या, भावजींना सांगा, भांडी राहू देत. एकट्याला लागतात."

शनिवारी मी मृण्मयीला नवं वर्णन पाठवलं. माझी ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी लिहिलं: "डब्यात काही आढळल्यास ते काय आहे, हे डबा आणणाऱ्याला विचारावे. एवढ्यावरून लाभार्थी जेवले नाहीत असे समजू नये." जुन्या वर्णनाचे पाचपैकी पाच काढून एक गुण केला. कराडला जाऊन आलो हेही लिहिलं, लपवून काय करायचं होतं? महिनाअखेरीस काम गेलं. मृण्मयीनं नंतर सांगितलं, की ती ओळ मात्र त्यांनी ठेवली, पाचही गावांत. आक्का पुढे चार वर्षं त्या घरात राहिल्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा मी जायचो, जेवायचो, आणि पिशवीभर काहीतरी घेऊन परत यायचो. त्या गेल्या तेव्हा विश्वास आले होते, त्यांनी घर विकलं नाही. झाड अजून आहे.

वहिनींचा नांदेडचा नंबर कदमांकडून घेऊन ठेवलाय. काय सांगायचं, कधी सांगायचं, काय सांगायचं नाही, ते मी कितीदा कागदावर उतरवलं. चार ओळी होतात, पण नीट जमत नाहीत. फोन अजून केलेला नाही. वरच्या घरात नंतर तीन बिऱ्हाडं येऊन गेली, मला त्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत. सहाही भांडी फळीवर आहेत. आतली लिंबं वाळली की बदलतो.